पाचशे रुपयांच्या आत घरातली रोजची किरकिर कशी मिटवावी?

प्रश्न असा आहे: घरात छोटे छोटे वैताग रोज चालू असतात. नळाची धार फाकते, पंखा वारा देत नाही, बाथरूममधून वास येतो. पाचशे रुपयांच्या आतली कोणती खरेदी अशी आहे, की ती केल्यावर "हे आधीच का नाही आणलं" असं वाटेल?

पुण्यात आमचं हार्डवेअर-इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता काउंटर मी सांभाळते. हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो, फक्त वेगळ्या शब्दांत: "ताई, एक चांगला नळ दाखवा", "पंखा कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी आधी विचारते, जुन्याला झालंय काय? आणि उत्तर ऐकल्यावर बऱ्याचदा नळही विकला जात नाही आणि पंखाही. माझा अनुभव असा, की घरातली बरीचशी किरकिर नव्या वस्तूने जात नाही. आहे त्याच वस्तूतला पाच-पन्नास रुपयांचा भाग झिजलेला असतो, तो बदलला की काम होतं. म्हणून मोबाइलवर दिसणाऱ्या करामती वस्तूंची यादी माझ्याकडून मिळणार नाही. खाली लिहिलेले भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडं इकडे-तिकडे होणारच.

पंख्यापासून सुरुवात करते, कारण इतक्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. रेग्युलेटर पाचवर आहे तरी पाती मोजता येतील अशी फिरतात, किंवा बटण दाबल्यावर नुसता घूं-घूं आवाज येतो आणि काठीने ढकलल्यावर पंखा चालू होतो. ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा कंडेन्सर गेल्याची असतात. दांडीवर जी वाटी असते तिच्याखाली, काही पंख्यांना मोटरच्या लगेच वर तर काहींना छताजवळ, अंगठ्याएवढी एक डबी असते आणि तिच्यातून दोन वायरी निघतात. तोच कंडेन्सर. साध्या पंख्याची मोटर चालू व्हायला आणि जोर धरून फिरायला तो लागतो. उष्णतेत राहून त्याची क्षमता वर्षागणिक उतरत जाते. त्यामुळे पंखा एके दिवशी बंद पडत नाही, थोडा थोडा मंदावत जातो आणि घरच्यांना त्याची सवय होते. मग उन्हाळ्यात पाहुणे येतात, "काय हो, पंखा फिरतोय का?" म्हणतात आणि नव्या पंख्याची चर्चा सुरू होते.

कंडेन्सर पन्नास ते शंभर रुपयांत येतो. त्यावर आकडा छापलेला असतो. बहुतेक सीलिंग फॅनना 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो, काहींना 2.25 किंवा 3.15 चा. जो आकडा जुन्यावर असेल तोच घ्यायचा. "मोठ्या आकड्याचा द्या, जास्त पळेल" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याने मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तापतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पंखाच बदलावा लागतो. काम करताना नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, मेन किंवा त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडा. जुन्या कंडेन्सरमध्येही करंट साठून राहिलेला असू शकतो. उघड्या टोकांना बोट लावण्याआधी प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून घ्या. यातलं काही नीट उमगलं नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याची मजुरी वस्तूपेक्षा जास्त होईल, तरी नव्या पंख्यापेक्षा कमीच. आणि घरात नवे बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणारे, बहुतेक रिमोटवर चालणारे) असतील तर हे सगळं विसरा. त्यांच्यात असा कंडेन्सर बदलायचा नसतो, त्यांचं सर्किट असतं. कंडेन्सर बदलूनही पंखा मंद असेल तर रेग्युलेटर तपासा. खर्र-खर्र आवाज येत असेल तर ते बेअरिंगचं दुखणं, त्याला पंखा उतरवावा लागतो.

आता नळ. सोसायटीत पाण्याची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर हा संवाद ठरलेला.

"नळाची धारच गेलीय, नवीन नळ द्या."

"जाळी उघडून बघितलीत का?"

"कसली जाळी?"

बेसिनच्या किंवा सिंकच्या नळाच्या तोंडाशी, जिथून पाणी पडतं तिथे, एक गोल कडं फिरवून बसवलेलं असतं. त्याला एरेटर म्हणतात. ते पाण्यात हवा मिसळतं, म्हणून धार मऊ पडते आणि शिंतोडे उडत नाहीत. टाकीतला गाळ, पाइपातली वाळू सगळी त्याच्या जाळीत अडकते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वरून पांढरा क्षार बसतो, मग धार एका बाजूला फाकते आणि थेट शर्टावर येते. कडं कापडात धरून पकडीने हलकंसं फिरवलं की निघतं. नुसत्या पकडीने धरलंत तर चकाकी खरवडली जाते. जाळी उलटी करून धुवा. क्षार असेल तर किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व एक चमचा, पेलाभर गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा. व्हिनेगरही चालतं. संडास-बाथरूमचं ऍसिड मात्र लावू नका, क्रोमची चमक कायमची जाते.

एवढं करूनही जाळी फाटकी निघाली तर नवा एरेटर पन्नास ते दीडशे रुपयांना मिळतो. तो घ्यायला जुना बरोबर आणा, कारण काही नळांना आटे आतून असतात, काहींना बाहेरून, आणि व्यासही थोडा थोडा वेगळा असतो. "साधा, नेहमीचा द्या" यावर मी काहीच देऊ शकत नाही. ज्या नळांचा एरेटर आत लपलेला असतो, कडं दिसतच नाही, त्यांना प्लॅस्टिकची छोटी चावी लागते. नवा नळ घेताना ती खोक्यात येते आणि खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते.

टपटपणाऱ्या नळाचं गणित वेगळं. जुन्या पितळी, फिरवत फिरवत बंद करायच्या नळात रबरी वॉशर असतो, पाच-दहा रुपयांचा. अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकचा स्पिंडल (मुठीखालचा, पाणी चालू-बंद करणारा भाग) असतो, तो अख्खा बदलतात आणि तो नळाच्या कंपनीचाच लागतो. आट्यातून पाणी झिरपत असेल तर टेफ्लॉन टेप. वीस रुपयांचं रीळ वर्षानुवर्षं पुरतं, प्रत्येक घरात असायलाच हवं. टेप गुंडाळायची ती आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती गोळा होऊन बाहेर येते, आणि मग लोक म्हणतात टेप खराब होती.

फ्लशच्या टाकीतून पाणी आत झिरपतं आहे की नाही, हे ओळखायला काही विकत घ्यावं लागत नाही. रात्री टाकीत चमचाभर हळद किंवा थोडी शाई टाका, कोणी फ्लश करू नका. सकाळी भांड्यात रंग उतरला असेल तर आतला रबर गेलाय.

बाथरूमचा वास आणि झुरळं या एकाच कुळातल्या तक्रारी, आणि यावर लोक फवाऱ्यांवर इतके पैसे घालवतात की बघवत नाही. नहाणीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. गटारातला वास आणि किडे अडवायचं काम ते पाणी करतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की ते पाणी आटतं आणि वास वर येतो. उपाय फुकट: आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. वापरातल्या बाथरूमला वास येत असेल तर जाळी उचलून बघा, आतली वाटी कोणीतरी केस काढताना काढून ठेवलेली असते आणि परत बसवलेली नसते. झुरळांसाठी स्टीलची झाकणवाली जाळी शंभर ते तीनशे रुपयांत मिळते. वॉशिंग मशीनचा पाइप जिथे नुसता ट्रॅपमध्ये सोडलेला असतो, तिथे पाइपापुरतं भोक असलेली जाळी मागा. बेसिनखाली बघा: वेस्ट पाइप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथे बोटभर फट असते. ती रबरी कड्याने बंद होते, दहा-वीस रुपयांचं काम. किचन सिंकखालची तीच फट तर झुरळांचा राजरस्ता. तिथे कडं बसत नसेल तर एमसील भरा. दोन रंगांचे गोळे सारखे मळून एकच रंग झाला की लावायचं, अर्धवट मळलेलं धरत नाही.

स्वयंपाकघरात सर्वात जास्त घाबरवणारी आणि सर्वात सोपी तक्रार मिक्सरची. वाटण लावताना मिक्सर मध्येच बंद पडतो, मालकीणबाई म्हणतात मोटर जळली. मिक्सर उलटा करा. खाली एक छोटं, बहुतेक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप उडतं. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, चालू. भांड्यात ओलं खोबरं गच्च भरलं होतं, इतकीच त्या मोटरची चूक.

दुसरी तक्रार: मोटरचा आवाज येतो, पण पातं फिरत नाही, किंवा भांड्याखालून काळी रबरी पूड पडते. कपलर गेला. मोटरच्या वर जो दातेरी चकतीसारखा भाग असतो, ज्यावर भांडं बसतं, तोच. बहुतेक मिक्सरना त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. लोक नेहमीच्या सवयीने उलट्या बाजूला जोर लावतात, तो आणखी आवळला जातो, मग चिमट्याने धरून दाते तोडतात. प्लग काढलेला ठेवा, मोटरची दांडी खालच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरने धरता येते ती धरा, आणि कपलर फिरवा. नवा कपलर मॉडेल बघूनच घ्यायचा, तो मिळतोही स्वस्तात. भांड्याच्या बुडाशीही एक कपलर असतो. दोन्हींचे दाते बघा, एकच बदलून झिजलेला दुसरा तसाच ठेवला तर नवाही लवकर जातो.

कुकरची शिट्टी होत नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ सुटते तेव्हा रिंग कडक झालेली असते. रिंग थोडा वेळ गार पाण्यात ठेवून एखादा स्वयंपाक निभावतो, तेवढाच. रिंग कुकरच्याच कंपनीची आणि त्याच मापाची घ्या. "पाच लिटर" एवढं सांगून चालत नाही, एकाच कंपनीच्या दोन प्रकारच्या कुकरांच्या रिंगा वेगळ्या असू शकतात. शिट्टीखालची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघा, डाळीचं साल अडकलेलं असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर नवा बसवल्याशिवाय तो कुकर गॅसवर ठेवायचा नाही, तिथे जुगाड नको. एक गंमत सांगते: अमेरिकेला मुलांकडे निघालेले आईवडील आमच्याकडून कुकरच्या रिंगा दोन-चार एकदम घेतात, ते बरोबरच आहे. पण त्यांच्याबरोबर मिक्सरही न्यायचा असतो. तिकडे वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर 230 चा. तिथे तो कण्हत फिरतो.

पावसाळ्याचं एक वेगळं खातं आहे. जुलैमध्ये लाकडी दार फुगतं, घासतं, बंदच होत नाही, आणि लोक सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. मग मार्च-एप्रिलमध्ये लाकूड सुकतं आणि दार-चौकटीत बोटभर फट दिसते. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा, पाऊस सरेपर्यंत तग धरा. खरंच रंधा मारायचा असेल तर उन्हाळ्यात बघून ठरवा. स्लायडिंग खिडकीतून पाणी आत येतं म्हणून सिलिकॉनची ट्यूब न्यायला येणाऱ्यांना मी आधी घरी पाठवते: खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, ती पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असतात. त्यांत माती बसली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात येतं. जुन्या टूथब्रशने आणि तारेने ती मोकळी करा. काहींनी तर हौसेने तीच भोकं सिलिकॉनने बुजवलेली असतात! कडेची लोकरी पट्टी झडली असेल तर ती मीटरवर मिळते, वाऱ्याची शीळ आणि धूळ दोन्ही कमी होतात. खिडकी ढकलताना जड लागते, ती खालच्या चाकांमुळे, तीही सुटी मिळतात.

डासांची वेल्क्रोची जाळी हा एकच 'नवा' माल मी मनापासून सुचवते. फक्त चौकट आधी स्पिरिटने पुसा, पट्टी चिकटवून रात्रभर तशीच ठेवा, जाळी दुसऱ्या दिवशी लावा. घाईने लगेच लावलेली जाळी पट्टीसकट उतरते.

बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतो, आवळलाच जात नाही, तेव्हा मोठा स्क्रू मागू नका. भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या, गूल तोडून, फेविकॉल लावून ठोका, बाहेर आलेला भाग कापा, सुकू द्या आणि तोच स्क्रू परत बसवा. कुलूप जाम झालं तर तेल घालू नका, तेलावर धूळ बसून पुढच्या वर्षी आणखी जाम होतं. शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या दातांवर घासून किल्ली दोन-चारदा फिरवा. वाऱ्याने दार आपटतं त्याला चुंबकाचा स्टॉपर, शंभर-दोनशेत. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घातले की खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध सुधारतात.

बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मिणमिणतो, म्हणून लोक बल्ब बदलून न्यायला येतात. बल्ब चांगला असतो. एक तर त्या बटणाला इंडिकेटरचा दिवा असतो आणि त्यातून किंचित करंट जात राहतो, नाहीतर वायरिंग करताना फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) बटणात घेतलेला असतो. दुसरं कारण असेल तर इलेक्ट्रिशियनकडून लवकर बदलून घ्या, कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो.

काही गोष्टी मी ठेवतच नाही. प्लगमध्ये खोचून 'वीजबिल निम्मं' करणारा डबा हा त्यातला पहिला. घरगुती मीटर युनिट मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली वीज. त्या डब्यातला कपॅसिटर (म्हणजे कंडेन्सरच) जे काही सुधारतो, त्याचं बिल घरगुती ग्राहकाला लागतच नाही. जाड पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये घालायचं कन्व्हर्टरही देताना मी आधी विचारते, कशासाठी? छोटं सॉकेट 6 अँपिअरचं, म्हणजे 230 व्होल्टवर तेराशे-चौदाशे वॅटपर्यंतचं. इंडक्शन किंवा गीझर 2000 वॅटचा असतो, तो त्यावर लावला तर सॉकेट पिवळं पडून वितळतं. चिकट हुकांबद्दल मत मिश्र आहे: टाइल्सवर झकास, डिस्टेंपरच्या भिंतीवर नाही. हुकाचा गोंद धरतो, भिंतीचा रंगच सुटून येतो. भिंतीवर काही जड टांगायचं असेल तर ड्रिल, गिट्टी (भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी, जिच्यात स्क्रू घट्ट बसतो) आणि स्क्रू, यांना पर्याय नाही.

स्वतःची टाकी असलेल्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये राहत असाल तर टाकी भरली की वाजणारी घंटी घ्या, दोन-तीनशे रुपयांत येते. तिच्या दोन तारांना पाणी टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि ती वाजते. तारांवर क्षार बसला की मुकी होते, म्हणून अधूनमधून टोकं घासायची. शेजाऱ्यांनी ओरडून सांगण्यापेक्षा बरी.

हत्यारं म्हणाल तर टेस्टर, एक पकड, एक ऍडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेप, एमसील आणि मूठभर गिट्ट्या-स्क्रू. पाचशेच्या जरा वर जाईल, पण हे एकदाच घ्यायचं असतं.

मिक्सर-पंख्याचे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, हार्डवेअर बोहरी आळीत, मुंबईकरांना इलेक्ट्रिकलसाठी लोहार चाळ. पण आधी गल्लीतलं जुनं दुकान गाठा, आणि जुना भाग पिशवीत घेऊनच या. फोटो काढणार असाल तर शेजारी पट्टी ठेवून काढा, नुसत्या फोटोवरून अर्ध्या इंचाचा भाग आणि पाऊण इंचाचा भाग सारखेच दिसतात. रविवारी सकाळी मात्र येऊ नका. त्या वेळी काउंटरवर प्लंबर आणि सुतार रांगेत असतात, आणि तुमचा कपलर शोधायला मला माळ्यावर चढावं लागतं. मधल्या वारी दुपारी चारनंतर या, बसून नीट बघू.